ज्युनियर केजीतल्या मुलीची डोळे तपासणी, बहुतेक चष्मा लागणार. तिची तयारी कशी करू?

पिटुकलीची_आई

नमस्कार मंडळी, लेक साडेचार वर्षांची आहे, ज्युनियर केजीत. शाळेत डोळे तपासायचा कॅम्प झाला आणि उजव्या डोळ्याने कमी दिसतंय, डॉक्टरांना दाखवून घ्या अशी चिठ्ठी दप्तरातून घरी आली. मला आधी पटलंच नाही कारण ही बया गॅलरीतून खालच्या रस्त्यावरची मांजर ओळखते, माझी सुई पडली तर शोधून देते, टीव्ही जवळ जाऊन बघत नाही, डोकं दुखतंय म्हणत नाही, काही म्हणजे काही नाही. तरी लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय पुढच्या आठवड्यातला. त्यांनी सांगितलंय की आधी तीन दिवस घरीच ॲट्रोपिनचं मलम डोळ्यात घालायचं आणि मग तपासणीला यायचं.

आता खरी अडचण. बूस्टरच्या इंजेक्शनपासून हिला दवाखान्याची पाटी दिसली तरी भोकाड. नाकात ड्रॉप घालायचे तरी घरातली तीन माणसं लागतात, मग डोळ्यात मलम कसं घालणार देव जाणे. तपासताना नक्की काय काय करतात म्हणजे मी तिला आधी सांगून ठेवीन. की काहीच न सांगता गार्डनला जाऊ म्हणून न्यायचं? चष्मा लागला तर ती घालेल का हाही प्रश्न आहेच, हेअरबँड पाच मिनिटं टिकत नाही डोक्यावर.

आणि सासूबाईंनी सुरू केलंय, पोरीची जात, आत्तापासून चष्मा म्हणजे पुढे कसं व्हायचं, तुमच्या त्या मोबाईलनेच झालं. नवरा स्वतः सोडावॉटरच्या बाटलीची काच लावून फिरतो त्याला कोणी कधी काही बोललेलं मी तरी ऐकलं नाही 😅

नंदिनी_सातारा

अगं गार्डनला जाऊ सांगून अजिबात नेऊ नकोस. एकदा फसवलंस की पुढच्या प्रत्येक वेळी ती गार्डनलासुद्धा यायची नाही, आणि डोळ्याच्या डॉक्टरांकडे ही एकदाची फेरी नसते, पुढची काही वर्षं जावं लागतं, हे धरूनच चाल. माझ्या मुलाला तिसऱ्या वर्षी चष्मा लागला, आता तो चौथीत आहे.

मी त्याला सरळ सांगितलं होतं की तिथे सुई नाही. हे वाक्य सगळ्यात आधी सांग, कारण त्यांच्या डोक्यात तेवढंच असतं. मग सांगितलं की डोळ्यात औषध घालतील ते थोडं झोंबेल, आपण दहा अंक मोजेपर्यंत झोंबेल मग जाईल. झोंबणार नाही असं सांगू नकोस कारण झोंबतंच, आणि मग तू सुईबद्दल जे सांगितलंस तेही तिला खोटं वाटायला लागतं.

मलमाचं म्हणशील तर आमच्याकडे रात्रीचं झोपल्यावरच घालायचो. खालची पापणी बोटाने हळूच ओढली की आत छोटी खाच होते ना, त्यात तांदळाच्या दाण्याएवढं मलम सोडायचं, बास. दिवसा घालायचं असेल तेव्हा आधी बाहुलीला, मग बाबाला (खोटं खोटं, ट्यूबचं झाकण लावून!!) आणि मग तिला. बाबाने जरा रडून दाखवलं की पोरं खूश होतात. ड्रॉप असले तर अजून सोपं, आडवं झोपवून डोळे मिटायला सांगायचे, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब टाकायचा आणि आता उघड म्हणायचं, आपोआप आत जातो.

एक महत्त्वाचं, मलम घातल्यावर तुझे हात साबणाने धू. माझ्या जावेने तेच बोट स्वतःच्या डोळ्याला लावलं आणि दोन दिवस तिला एका डोळ्याने मोबाईलवरचं वाचता येईना, डोळ्यातली काळी बाहुली ही एवढी मोठी झालेली.

ऑप्टोम_पुणे

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासणारी, लहान मुलांच्या विभागात काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमचा पहिला प्रश्न, सगळं दिसतं मग नंबर कसा. एक डोळा चांगला असला की मूल त्याच डोळ्याने सगळं निभावून नेतं. त्याला माहीतच नसतं की दुसऱ्या डोळ्यानेही तेवढंच दिसायला हवं, म्हणून तक्रार येत नाही. आई-बाबांच्या लक्षात यायचं काही कारणच नसतं, त्यामुळे स्वतःला बोल लावून घेऊ नका. घरी एक करून बघा, खेळता खेळता आधी एक डोळा हाताने झाका, मग दुसरा. उजवा झाकला तर ती निवांत आणि डावा झाकला की हात ढकलतेय, मान वाकडी करतेय, किरकिर करतेय असं झालं तर ते डॉक्टरांना नक्की सांगा. आम्हाला त्या एका गोष्टीतून बरंच कळतं.

मलम कशासाठी तर नुसती बाहुली मोठी करायला नाही. मुलांच्या डोळ्यातला फोकस करणारा स्नायू इतका ताकदवान असतो की तो प्लसचा नंबर (ज्यात जवळचं बघायला डोळ्याला जास्त जोर लावावा लागतो) लपवून ठेवतो. औषधाने तो स्नायू ढिला पडला की खरा नंबर बाहेर येतो. म्हणूनच चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर औषधाशिवाय लहान मुलाचा नंबर काढून चष्मा करू नका, प्लसवालं मूल मशीनमध्ये मायनस (लांबचं धूसर दिसतं तो नंबर) दाखवू शकतं.

ॲट्रोपिन हे त्यातलं सगळ्यात जोरदार औषध. परिणाम आठवडा ते दोन आठवडे राहू शकतो. त्या काळात तिला उजेड सहन होणार नाही, जवळचं धूसर दिसेल, रंगवायला दिलं तर रेषेच्या बाहेर जाईल, रागावू नका. टोपी घाला, बाईंना सांगून ठेवा. गॅदरिंग वगैरे असेल तर तारीख बघून मगच सुरू करा. मलम घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर हलके दाबून धरा म्हणजे औषध अंगात कमी जातं. चेहरा लालबुंद झाला, ताप आला, तोंड कोरडं पडलं, मूल वेगळंच वागायला लागलं तर मलम थांबवा आणि लगेच डॉक्टरांना फोन. ट्यूब मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. आणि तपासणीच्या दिवशी सकाळी घालायचं की नाही हे विचारून घ्या, बरेच जण त्या दिवशी नको म्हणतात कारण मलमाचा थर असला की आम्हाला आतलं नीट दिसत नाही.

तपासताना काय होतं तर आधी चित्रं किंवा इंग्रजी ई (E) ओळखायला लावतात. इतक्या लहान मुलांना ए बी सी डी यायची गरज नाही. सफरचंद, घर, गोल, चौकोन अशी चार चित्रं असतात, हातात तसंच कार्ड देतात आणि समोर दिसतंय ते कार्डावर दाखव म्हणतात. हे घरी नक्की खेळा, कागदावर चार चित्रं काढा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून जोड्या लावा. ई असेल तर पुठ्ठ्याचा ई कापा आणि पाय कुठे, वर की खाली, असं विचारा. पण तक्ता पाठ करून घेऊ नका!! दुसरं म्हणजे खुर्चीच्या मागे उभं राहून उत्तर कुजबुजू नका, हसू नका, रोज एक तरी आई किंवा आजी हे करतेच आणि मग मुलाला सगळं दिसतं असा रिपोर्ट होतो.

मग एक मशीन असतं, आत डोकावलं की रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा दिसतो, तो मुलांना आवडतो. एक मोठ्ठ्या माशीचं चित्र असतं, वेगळा चष्मा घालून बघितलं की पंख वर आल्यासारखे दिसतात आणि मुलं चिमटीत धरायला जातात. त्यातून दोन्ही डोळे मिळून काम करतात का ते कळतं. शेवटी खोलीत अंधार करून डोळ्यावर उजेडाची पट्टी फिरवतात आणि समोर एकेक भिंग धरतात. नंबर खरा तिथे निघतो आणि त्यात मुलाने काहीही सांगायची गरज नसते, फक्त समोर बघायचं. अंधाराची आधी कल्पना द्या, घरी दिवे घालवून टॉर्चचा खेळ खेळा. झोपेची आणि भुकेची वेळ टाळून नंबर घ्या, खाऊ बरोबर ठेवा.

मोबाईलचं म्हणाल तर एका डोळ्याला प्लस किंवा तिरका (सिलिंडरचा) नंबर असेल तर तो मोबाईलने आलेला नसतो, डोळ्याची ठेवणच तशी असते. मायनसची गोष्ट वेगळी, तिथे सतत जवळचं बघणं आणि घराबाहेर कमी खेळणं याचा संबंध आहे. सासूबाईंना एवढं सांगून बघा.

नैसर्गिक_जीवन

लगेच चष्म्याच्या मागे लागू नका. एकदा डोळ्यावर चढला की डोळ्याला सवय लागते आणि नंबर वाढतच जातो. सकाळी गाजराचा रस, डोळ्यांचे व्यायाम, रात्री मधाचं बोट डोळ्यात, सहा महिने करा, पोरांचे डोळे लवचिक असतात. आमच्या लहानपणी कुठे होते इतके चष्मे.

नंदिनी_सातारा

काका, आमच्या लहानपणी फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मार खाणारी पोरं होती वर्गात. मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर बसवायचे त्यांना. चष्मे नव्हते म्हणजे नंबर नव्हते असं नाही ना.

ऑप्टोम_पुणे

@नैसर्गिक_जीवन, गाजर खाऊ द्या, चांगलंच आहे, पण त्याने डोळ्याच्या गोळ्याचा आकार बदलत नाही आणि नंबर हा आकाराचा मामला आहे. मध, गुलाबपाणी, काजळ यातलं काहीही मुलाच्या डोळ्यात घालू नका, इन्फेक्शन घेऊन आलेली मुलं आम्ही बघतो. आणि इथे सहा महिने थांबणं हाच धोका आहे. ज्या डोळ्याचं चित्र धूसर येतं त्याच्याकडे मेंदू दुर्लक्ष करायला शिकतो, त्यालाच आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांपर्यंत उपचार केला तर डोळा चांगला साथ देतो, नंतर कठीण होत जातं. चष्म्याने नंबर वाढत नाही. लहान वयात वेळेवर चष्मा घातला म्हणून डोळा सुधारतो, हे उलट आहे.

केजीच्या_बाई

मी शिक्षिका आहे म्हणून वर्गाच्या बाजूने सांगते. पालक चष्म्याचं आम्हाला सांगतच नाहीत, लपवल्यासारखं करतात. मुलगी डब्याच्या वेळी चष्मा काढून दप्तरात टाकते आणि दिवसभर तो तिथेच पडून राहतो. आधी सांगितलंत तर आम्ही वर्गात तयारी करतो. आमच्याकडे एकाला चष्मा लागणार होता तेव्हा आम्ही आठवडाभर डोळ्यांचा दवाखाना खेळलो, पुठ्ठ्याचे चष्मे केले, सगळ्यांनी घातले, मी पण घातला. तो खरा चष्मा घालून आला तेव्हा बाकीची पोरं हिरमुसली की आम्हाला का नाही 😄

ढापण, चष्मिस असली नावं सीनियर केजीनंतर सुरू होतात, आणि बहुतेक वेळा घरातून ऐकून आलेली असतात. त्यामुळे घरात मोठ्यांनी तिच्यासमोर अगं बाई चष्मा लागला, बिचारी, असले उसासे टाकायचे नाहीत एवढा नियम करा. मुलं आपल्या तोंडाकडे बघून ठरवतात वाईट झालं की नाही ते.

अंगणवाडीताई_बीड

शहरातल्या शाळांचं तुमचं बरंय ताई. आमच्याकडं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि सरकारी शाळेत एकदा, पोरांचे डोळे पण बघतात, पुढचं जिल्हा रुग्णालयात पाठवतात. पण आईबाप नेत नाहीत, मजुरी बुडते म्हणून, नाहीतर पोरीला चष्मा नको म्हणून. पोराला चष्मा लावतात आणि पोरीचा कपाटात ठेवतात, मी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या सासूबाईंचं ऐकून तेच आठवलं, राग नका मानू.

पिटुकलीची_आई

राग कसला ताई, खरंय तुमचं.

अपडेट देते. तपासणी झाली!! सुई नाही हे वाक्य खरंच चाललं, तिने दारातच रिसेप्शनवरच्या बाईंना पण विचारून खात्री करून घेतली. मलमाचा पहिला दिवस महाभारत, नंतर बाहुली, बाबा, मग ती असा क्रम लागला. अंधार झाल्यावर घाबरली नाही, उलट टॉर्च मला पण द्या म्हणाली. माशीचे पंख काही तिला वर आलेले दिसले नाहीत, सपाट आहे म्हणाली, तेव्हा मात्र मला कसंतरीच झालं.

उजवा +४.५ आणि थोडा तिरका नंबर, डावा +१.५. उजवा आळशी आहे म्हणाले. चष्मा पूर्ण वेळ, झोप आणि आंघोळ सोडून. चांगला डोळा झाकायच्या पट्टीचं पुढच्या तपासणीला ठरवू म्हणाले. आता फ्रेम कुठली घेऊ? दुकानात गेलो तर तो माणूस म्हणाला जरा मोठीच घ्या मॅडम, वर्ष दोन वर्षं चालेल.

दोन_पोरींचा_बाप

मोठी अजिबात घेऊ नका. शाळेचा युनिफॉर्म वाढत्या मापाचा घेतो तसं चष्म्याचं करायचं नसतं. मोठी फ्रेम नाकावरून घसरते, मूल वरून बघतं, आणि मग +४.५ ची काच नाकाच्या शेंड्यावर आणि डोळा उघडाच. सगळा खर्च पाण्यात. आमच्या मोठीला असलीच गळ्यात मारली होती एका दुकानदाराने, तिचा अर्धा वेळ चष्मा वर ढकलण्यात जायचा.

बघायचं काय तर काचेच्या मधोमध डोळा आला पाहिजे. लहान मुलांना नाकाचं हाड वर आलेलं नसतं त्यामुळे नाकावर टेकणारा भाग बसका आणि मऊ हवा, सिलिकॉनचा मिळतो, तिथे फट राहता कामा नये. पापण्या काचेला लागता कामा नयेत. गाल फुगवून हसायला सांगा, चष्मा वर उचलला गेला तर ती फ्रेम नको. मागे कानाला वळणारी मऊ दांडी किंवा इलॅस्टिकचा पट्टा घ्या. काच म्हणजे खरी काच नकोच, पॉलीकार्बोनेट सांगा, पडली, बॉल लागला तरी सहसा फुटत नाही, शिवाय हलकी. दोन डोळ्यांच्या नंबरात एवढा फरक असेल तर उजवी काच जाड दिसते, छोटी गोल फ्रेम घेतली की ते कमी जाणवतं.

दुकानात दोन-तीन फ्रेम आधी तुम्ही निवडा आणि त्यातली एक तिला निवडू द्या. शंभर फ्रेमची भिंत दाखवून कुठली आवडली विचाराल तर ती कार्टूनवाली उचलणार जी बसत नसते. रंग तिचा, माप तुमचं. आमच्या धाकटीने भडक केशरी घेतली होती, मी मनात म्हणालो अरे देवा, पण तिने ती रात्री पण काढेना.

परवडत असेल तर दुसरा जोड करून ठेवा. तुटणार म्हणजे तुटणारच, आणि नवीन बनून येईपर्यंतचे दिवस बिनचष्म्याचे जातात.

लेस्टरकर

इकडे यूकेत १६ वर्षांखालच्यांची डोळे तपासणी एनएचएसकडून (इथली सरकारी आरोग्यसेवा) मोफत आहे आणि चष्म्यासाठी व्हाउचर मिळतं. आमच्याकडे नियम केला होता की कार्टून चष्मा घालूनच. काढला की टीव्ही बंद, रागवायचं नाही, ओरडायचं नाही, नुसता बंद. घातला की सुरू. आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर आले की त्यांनी पण आपापला चष्मा घालून बसायचं असं ठरवलं होतं, त्याने खूप फरक पडला.

ऑप्टोम_पुणे

दोन_पोरींचा_बाप यांनी फ्रेमचं अगदी बरोबर लिहिलंय, माझं काम वाचलं.

फक्त एक, पहिले काही दिवस ती म्हणू शकते की चष्म्यातून धूसर दिसतंय, काढल्यावर चांगलं दिसतं. प्लसच्या मुलांचं हे नेहमीचं आहे, त्यांचा स्नायू जुन्या सवयीने जोर लावत असतो. हळूहळू सोडतो. म्हणून शक्य असेल तर ॲट्रोपिनचा परिणाम आहे तोवरच चष्मा करून घ्या, त्या दिवसांत जवळचं चष्म्याशिवाय दिसतच नाही त्यामुळे मुलं स्वतःहून मागतात. दोन-तीन आठवड्यांनंतरही ती सतत वरून बघत असेल किंवा काढत असेल तर आधी फ्रेम घसरतेय का बघा, मग नंबर पुन्हा तपासून घ्या. काढताना दोन्ही हातांनी काढायला शिकवा, नाहीतर दांडी फाकते. पुसायला फ्रॉकचं टोक नको, नळाखाली धरून साध्या साबणाने धुवा.

पिटुकलीची_आई

चष्मा आला, जांभळा. सासूबाईंनी सवयीने तोंड वाकडं केलं पण काल शेजारणीला स्वतःच सांगत होत्या की आमच्या पोरीचं वेळेवर कळलं म्हणून बरं, शाळेवाल्यांचे उपकार. मी काही बोलले नाही 🤐

आता पट्टीची धास्ती. चांगला डोळा झाकायचा म्हणजे ती दिवसभर अर्धवट दिसणार, शाळेत काय करेल? आणि चष्म्यानेच नाही का होणार बरं?

ऑप्टोम_पुणे

काही मुलांचं नुसत्या चष्म्याने होतं. दोन डोळ्यांच्या नंबरातल्या फरकामुळे डोळा आळशी झालेल्या मुलांवर अमेरिकेत अभ्यास झालाय, त्यात साधारण चारातल्या एका मुलाचा आळशी डोळा फक्त चष्म्यावर पूर्ण सुधारला. म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी लगेच पट्टी न देता पुढच्या वेळी बघू म्हटलंय, ते बरोबर आहे. त्यामुळे आत्ता सगळा जोर चष्मा पूर्ण वेळ घालण्यावर.

पट्टी लागलीच तर दिवसभर लावायची असते असं नाही. २००३ मधल्या एका अभ्यासात मध्यम आळशी डोळ्याला रोज २ तास आणि रोज ६ तास पट्टी लावून पाहिली, ४ महिन्यांनी सुधारणा दोन्हीकडे जवळजवळ सारखीच निघाली. तुमच्या लेकीला किती तास ते डॉक्टर डोळ्याची ताकद बघून ठरवतील, पण २ तास असतील तर शाळेचा प्रश्नच येत नाही, घरी आल्यावर लावता येते. पट्टी सरळ कातडीवर चिकटवायची आणि त्यावर चष्मा. चष्म्याच्या काचेवर लावली तर पोरं बाजूने बघतात, अगदी सराईतपणे. कातडी लाल होत असेल तर काढताना आधी पट्टी ओली करा. आणि त्या वेळात मणी ओवणं, रंगवणं, तांदळातून डाळ वेचणं असं बारीक काम द्या, नुसतं बसवून ठेवू नका.

दोन_पोरींचा_बाप

डाळ-तांदूळ आमच्याकडे हिट होतं. फक्त आधी आजीला विचारा, नाहीतर रात्री खिचडीच करावी लागते.